वाईला जायचं तर आधी धोमचं पाणी विचारा

महाबळेश्वरला जाताना वाईत चहा, ढोल्या गणपतीला हात जोडणं, एक फोटो, की लगेच पसरणी घाट. बहुतेकांची वाई अशी पाऊण तासात उरकते. दुपारी बाराला पोचून, नदीच्या तापलेल्या पायऱ्यांच्या घाटावर अनवाणी चार पावलं टाकून 'काही विशेष नाही' म्हणणारे हेच. वाई बघायची तर एक रात्र मुक्काम हवा, कारण घाट बघायच्या वेळा दोनच: दिवेलागण आणि सकाळी नऊच्या आत. आणि कुठला महिना निवडायचा, कुठल्या पायरीवर थांबायचं, हे तुमच्यापेक्षा कृष्णामाई जास्त ठरवते.

नदीचा अंदाज

कृष्णा क्षेत्र महाबळेश्वरला उगम पावते. तिथे वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. घाटाखाली उतरून वाईला येईपर्यंत त्याचा जेमतेम काही हिस्सा उरतो. म्हणून पावसाळ्यात वाईत आभाळ मोकळं, रस्ते कोरडे आणि नदी मात्र दुथडी, असं सहज होतं. स्टँडवर उतरून ऊन बघायचं आणि घाटाकडे धावायचं, ही पहिली चूक. वाईतल्या पाण्याची पातळी वाईतल्या पावसावर नाही, वरच्या पावसावर आणि गावापासून जेमतेम आठेक किलोमीटरवर असलेल्या धोम धरणाच्या दरवाज्यांवर ठरते.

जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत जाणार असाल तर निघायच्या आदल्या दिवशी आणि त्या दिवशी सकाळी धोमचा विसर्ग बघा. जलसंपदा विभागाचा इशारा स्थानिक बातम्यांत येतो आणि त्यात आकडा क्युसेकमध्ये असतो. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर. पाच हजार क्युसेक सोडले, तर दर सेकंदाला एक लाख चाळीस हजार लिटर पाणी खाली येतं. धरण इतकं जवळ आहे की विसर्ग वाढल्यावर खालच्या पायऱ्या बुडायला फार वेळ लागत नाही. मोठा विसर्ग असेल तेव्हा ढोल्या गणपतीच्या मंदिरातही पाणी शिरतं आणि दर्शन लांबूनच घ्यावं लागतं. पूर बघायला म्हणून येणाऱ्यांनी पुलावर गाडी उभी करू नये. पोलीस हाकलतात, आणि बरोबरच करतात.

मार्चअखेर ते मे ही दुसरी बाजू. धोमचं पाणी कालव्यांना जातं, नदीत आवर्तनाप्रमाणे (पाणी सोडायच्या पाळीप्रमाणे) कमी-जास्त सुटतं, आणि मधल्या दिवसांत घाटाखालचं पाणी साचून हिरवं पडतं, वासही येतो. फोटोत बघितलेली भरली नदी तेव्हा मिळत नाही. एकच वेळ निवडायची तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी: पाणी बऱ्यापैकी, सकाळी गारठा, दगड तापत नाहीत. बरोबर स्वेटर ठेवा. पुण्यापेक्षा इथली पहाट बोचरी असते.

जायचं कसं

पुण्याहून सुमारे नव्वद किलोमीटर, मोकळा रस्ता मिळाला तर अडीच तास. स्वारगेटहून वाईच्या एसट्या आहेतच, शिवाय पाचगणी-महाबळेश्वरच्या बहुतेक गाड्या वाईवरूनच जातात. शनिवारी सकाळी महाबळेश्वरची गाडी आधीच आरक्षणाने भरलेली असते. वाई डेपोची गाडी मिळाली तर जागेचा त्रास कमी. एसटीत महिलांना तिकीट निम्मं आहे आणि ७५ च्या पुढच्या ज्येष्ठांना प्रवास मोफत. वयाचा पुरावा म्हणून आधार कार्ड हाताशी ठेवा, वाहक मागतो. रेल्वेने यायचं तर जवळची स्थानकं वाठार आणि सातारा. दोन्हीकडून पुढे बसच लागते, त्यामुळे पुणे-मुंबईकरांना रेल्वेचा फारसा फायदा नाही. कोल्हापूरकडून येणाऱ्यांनी सातारा गाठून तिथून वाईची बस धरावी.

स्वतःची गाडी असेल तर महामार्गावरून खंबाटकी घाट उतरल्यावर सुरूर फाट्याला उजवीकडे वळायचं. तिथून दहा-बारा किलोमीटरवर वाई. फाटा चुकला तर घाबरायचं कारण नाही, पुढे पाचवडहूनही वाईला रस्ता आहे. पाचवडच्या पुढे मात्र आनेवाडीचा टोलनाका लागतो, तो विनाकारण भरायला जाऊ नका. खंबाटकीत एखादा भरलेला ट्रक चढावर बंद पडला की मागे रांग लागते. शनिवारी सकाळी सातच्या आत पुणं सोडलं तरच हे टळतं, नाहीतर शुक्रवारी रात्रीच जा.

गाडी घाटापर्यंत नेऊ नका, हे आवर्जून सांगण्यासारखं. गणपती आळी, मधली आळी इथले रस्ते बैलगाडीच्या काळातले आहेत. समोरून टेम्पो आला की दोनशे मीटर मागे घेत जावं लागतं. मुक्कामाच्या जागी गाडी लावा आणि चाला. स्टँडपासून घाट पायी अंतरावर आहे.

मुक्कामासाठी स्टँडच्या आसपास साधी लॉज आहेत, धोम आणि पसरणीच्या बाजूला शेतघरं आणि रिसॉर्ट. घाटासाठी येत असाल तर गावातच राहा. खोली रस्त्याच्या बाजूची नको म्हणून सांगा, कारण पहाटेच्या एसट्यांचे हॉर्न थेट उशाशी वाजतात. गरम पाणी किती ते किती मिळेल हेही आधी विचारा. पहाटे सहाला बाहेर पडायचं असेल तर हा प्रश्न छोटा नाही. जोडून सुट्ट्या आल्या की महाबळेश्वर-पाचगणीला जागा न मिळालेले लोक खाली वाईत उतरतात आणि इथली लॉजही भरतात.

घाट

संध्याकाळी पोचलात तर गणपती घाटावर नुसतं बसा. देवळं उद्या. दिवे लागताना आरतीचे आवाज येतात, गावातली म्हातारी माणसं कट्ट्यावर येऊन बसतात, पोरं पायऱ्यांवर हुंदडतात. गाव कळायला हा एक तास पुरतो.

सकाळी साडेसहाला पुन्हा या. ढोल्या गणपतीचं देऊळ गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ मध्ये बांधलं. रास्ते म्हणजे पेशव्यांचे सोयरे आणि सरदार; वाईतली बरीचशी देवळं आणि घाट त्यांच्याच पैशाने उभे राहिले. आतली मूर्ती एका अखंड दगडाची आहे आणि नावाप्रमाणेच ऐसपैस. पण दर्शन घेऊन लगेच परत फिरू नका. देवळाला वळसा घालून प्रवाहाच्या अंगाला जा. मागची भिंत तिथे सरळ नाही. माशाच्या तोंडासारखी दोन्हीकडून निमुळती होत पुढे येते. पुराचं पाणी आदळलं की त्या टोकावर दुभंगतं आणि देवळाच्या दोन्ही बाजूंनी निघून जातं, भिंतीवर सगळा दाब एकदम येत नाही. देऊळ नदीच्या पात्राला खेटून असूनही अडीचशेहून अधिक वर्षं टिकलं, त्यात या आकाराचा वाटा मोठा. येणाऱ्यांपैकी निम्मेअधिक लोक ही भिंत न बघताच जातात.

शेजारी काशीविश्वेश्वर, १७५७ चं, आनंदराव भिकाजी रास्ते यांचं. दोन दीपमाळा आणि काळ्या दगडाचा गुळगुळीत नंदी. नंदीच्या गळ्यातल्या माळा आणि घंटांची कोरीव नक्षी जवळ जाऊन बघा. सकाळच्या तिरप्या उन्हात ती उठून दिसते, दुपारी सगळं सपाट वाटतं.

पुढे काठाकाठाने चालत राहायचं. एका आळीचा घाट संपतो, दुसरीचा सुरू होतो: गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह, भीमकुंड. सगळे सलग जोडलेले नाहीत. मध्येच वाट आळीतून वर काढावी लागते. कुणालाही विचारलं तरी सांगतात. रमतगमत दोन तास धरा. चालता चालता वाड्यांचे दिंडीदरवाजे, लाकडी महिरपी दिसतील. पण ती लोकांची राहती घरं आहेत, दार उघडं दिसलं म्हणून आत शिरू नका. विचारलंत तर पुष्कळदा चौक बघायला मिळतो.

पायांत रबरी तळव्याची, झटकन काढता येणारी चप्पल घाला. बूट नको, दर शंभर पावलांवर नाड्या सोडाव्या लागतात. पाण्यालगतच्या दोन-तीन पायऱ्यांवर शेवाळ असतं आणि कोरड्या दिसणाऱ्या दगडावरही त्याचा पातळ थर राहतो. तिथे पाय सपाट टाकायचा, टाच आधी नाही. पाण्याखाली पायऱ्या पुढेही आहेत असं समजून उतरू नका. काही ठिकाणी त्या अचानक संपतात आणि एकदम खोल लागतं. पोहायचा मोह टाळा. गावातली मुलं सूर मारतात, त्यांना तळ पाठ आहे, तुम्हाला नाही. गुडघे दुखणाऱ्यांनी पायऱ्या उतरायच्या भरीस न पडता आळीच्या बाजूने देवळात जावं. काठी मात्र बरोबर असू द्यावी, ओल्या फरशीवर ती लागते.

घाटावर धुणं चालतं, दशक्रियेचे विधीही चालतात. मुंडन केलेली माणसं, भाताचे पिंड, कावळ्याची वाट बघत उभं असलेलं कुटुंब दिसलं तर कॅमेरा खाली घ्या आणि लांबून निघून जा. ड्रोन उडवणाऱ्यांशी इथे भांडणं होतात, ती का होतात हे वेगळं सांगायला नको. निर्माल्य आणि प्लास्टिकची पिशवी नदीत टाकू नका, कलश ठेवलेले असतात. संकष्टीला आणि मंगळवारी गणपतीला रांग असते. अंगारकी असेल तर त्या दिवशी घाट बघायचा बेतच सोडून द्या.

मेणवली

वाईपासून तीनेक किलोमीटर. रिक्षा जाते, वडापही (माणशी भाड्याची जीप) मिळतं, आणि थंडीत चालत जाणंही अवघड नाही. रिक्षा ठरवताना 'जाऊन-येऊन, तासभर थांबून' असं स्पष्ट बोला, आणि धोमही करायचं असेल तर ते आधीच सांगा. तिथे पोचल्यावर धोमचं नाव काढलं की भाडं वाढतं आणि परतीची दुसरी रिक्षा समोर उभी नसते.

नाना फडणवीसांचा वाडा सहा चौकांचा आहे. बाहेरून तटबंदीसारख्या भिंती, आत लाकडी खांब, तुळया, काही ठिकाणी भिंतीवरची चित्रं. वाडा खासगी मालकीचा आहे आणि चित्रीकरण चालू असेल तेव्हा बंद असतो. हे आधी कळायचा सोपा मार्ग म्हणजे लॉजवाल्याला किंवा रिक्षावाल्याला विचारणं. चित्रीकरणाच्या गाड्या आल्या की सगळ्या वाईला माहीत असतं. वाडा बंद असला तरी घाट बघता येतो, म्हणून फेरी वाया जात नाही. आत गेलात तर भिंतींवरच्या चित्रांना हात लावू नका आणि फ्लॅश मारू नका. माडीवर जायचं तर किती जणांनी एकदम जायचं ते राखणदाराला विचारा, जुन्या तक्तपोशीवर दहा जणांनी उड्या मारून चालत नाही.

वाड्याच्या मागे चंद्रकोरीसारखा घाट आणि मेणेश्वराचं देऊळ. तिथली मोठी घंटा नीट बघा. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई पोर्तुगीजांकडून जिंकली, तेव्हा तिथल्या चर्चमधल्या घंटा मराठ्यांनी आणून ठिकठिकाणच्या देवळांना दिल्या, त्यांपैकी ही एक. घंटेवर बाळ येशूला घेतलेली मेरी आहे आणि १७०७ हे साल. अंधुक उजेडात अक्षरं दिसत नाहीत, मोबाइलचा प्रकाश समोरून न टाकता बाजूने टाका, उठाव लगेच दिसतो.

धोम आणि पुढे

त्याच दिशेने पुढे धोम. धरणाच्या भिंतीवर जायला परवानगी नसते, तिथे वाद घालण्यात अर्थ नाही. जलाशय बघायचा तर पसरणी घाटातून वरून जास्त छान दिसतो. धोम गावात थांबायचं ते नृसिंह आणि महादेवाच्या देवळासाठी. महादेवासमोरचा नंदी कासवाच्या पाठीवर बसलाय आणि कासव कमळाच्या आकाराच्या दगडी कुंडात. कुंडात पाणी असेल तर कासव पोहत असल्यासारखं दिसतं, कोरडं असेल तर कारागिरी नीट बघता येते. दोन्ही चांगलंच. अर्धा-पाऊण तास पुरतो. गावात जेवणाची सोय धरून चालू नका, पाणी आणि थोडं खाणं बरोबर न्या. बसने आलात तर परतीची वेळ उतरतानाच वाहकाला विचारून घ्या.

वाईचा आणखी एक चेहरा पुस्तकांचा. मराठी विश्वकोशाचं संपादन इथून झालं, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी त्याचे प्रमुख संपादक आणि पहिला खंड १९७६ चा. ते ज्या प्राज्ञपाठशाळेत घडले तीही इथलीच. कुतूहल असेल तर शनिवार-रविवार सोडून या, विश्वकोशाचं कार्यालय सरकारी आहे आणि सरकारी कार्यालयं त्या दोन दिवशी बंद असतात.

सणाच्या दिवसांत

माघ-फाल्गुनात कृष्णाबाईचा उत्सव असतो. एकाच दिवशी सगळीकडे नाही, घाटामागून घाट अशी पाळी असते. मांडव पडतो, कृष्णाबाईची मूर्ती घाटावर येते, कीर्तन, भजन, प्रसाद. अफझलखान वाईला असतानाच्या संकटात बोललेल्या नवसाशी ही प्रथा जोडली जाते. या काळात गेलात तर आज कुठल्या घाटाची पाळी आहे एवढंच विचारायचं. महाप्रसादाला पाहुण्यांनाही बसवतात. पंगतीत बसलात तर पान टाकू नका, हवं तेवढंच वाढून घ्या.

रंगपंचमीला जवळच्या बावधनला बगाड असतं, म्हणजे नवस फेडणाऱ्याला उंच लाकडाला टांगून न्यायचा मोठा लाकडी गाडा. कृष्णाकाठच्या सोनेश्वरहून बैलांच्या जोड्या बदलत बदलत ते शेतांतून गावापर्यंत ओढत आणतात आणि त्याला सगळा दिवस जातो. गर्दी प्रचंड. बगाडाच्या पुढे किंवा चाकाजवळ उभं राहू नका, बैल बुजले तर पळायला जागा नसते. बांधावर, बाजूला उभे राहा. लहान मुलं घरी ठेवलेली बरी. गाडी वाईतच लावा.

पौष पौर्णिमेच्या आसपास मांढरदेवच्या काळूबाईची यात्रा असते. जानेवारी २००५ मधल्या तिथल्या चेंगराचेंगरीनंतर बंदोबस्त कडक झालाय आणि वाहतूक वळवली जाते. वाईतली लॉजही भरतात. यात्रेला जायचं नसेल तर तो आठवडा टाळा.

खाणं, खरेदी, परतीची वाट

जेवण साधं आणि बरं मिळतं. खानावळीत ज्वारी-बाजरीची भाकरी, पिठलं, आमटी, ठेचा. दुपारी दोननंतर भाकरी संपते आणि मग चपातीवर भागवावं लागतं. हळद घ्यायची तर पूड न घेता हळकुंडं घ्या. एक मोडून आतला रंग बघा, गडद केशरी असेल तर माल चांगला. नवी हळद उन्हाळ्याच्या तोंडावर येते. स्ट्रॉबेरी डिसेंबर ते मार्च. डबीतला वरचा थर देखणा असतोच, खालचा बघून घ्या, आणि घरी पोचेपर्यंत धुऊ नका.

रविवारी दुपारी चारनंतर महाबळेश्वरची सगळी गर्दी सुरूर फाट्यावर उतरते आणि पुढे खंबाटकीच्या बोगद्यापासून खेड-शिवापूरच्या टोलपर्यंत गाड्या रांगत्या चालतात. एक तर जेवून लगेच दीडला निघा, नाहीतर रात्री नऊनंतर. दिवसाउजेडी निघत असाल आणि घाटात गाडी चालवायची सवय असेल तर तिसरी वाट आहे: वाईहून मांढरदेव घाट चढून भोरला उतरायचं आणि कापूरहोळला महामार्ग धरायचा. सुरूर आणि खंबाटकी दोन्ही टळतात. पण रस्ता अरुंद आहे, वळणं आंधळी आहेत, पावसाळ्यात धुकं आणि दरडी असतात, आणि मंगळवार-शुक्रवार व अमावस्या-पौर्णिमेला देवीच्या भक्तांच्या जीपा समोरून सुसाट येतात. अंधारात ही वाट धरू नका, आणि पेट्रोल वाईतच भरून घ्या.